उजव्या पायाचा गिअर: जुनी बुलेट बांधताना

काकांची १९८६ ची बुलेट ३५० माझ्याकडं आली तेव्हा मी रोज पल्सर चालवत होतो. पल्सरचा गिअर डाव्या पायात, पहिला खाली, बाकीचे वर. बुलेटचा गिअर उजव्या पायात, पहिला वर, बाकीचे तीन खाली, आणि ब्रेक डावीकडं. अशी गाडी मनासारखी बदलून बांधताना टाकी, सीट, हँडल यांचं नंतर बघता येतं. आधी पाय कुठं ठेवणार ते ठरवा.

बसायची ढब बदलायला फूटरेस्ट मागं नेले की गिअरच्या मूळ लिव्हरपर्यंत पाय पोचत नाही. मग फूटरेस्टजवळ नवं पेडल आणि तिथून गिअरबॉक्सपर्यंत सळई. मूळ लिव्हर कापू नका. भंगारातून दुसरी आणा, तिचा दातेरी डोळा, म्हणजे गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसणारं भोक, कापून त्याला पट्टी वेल्ड करा. तशीच एक पट्टी पेडललाही. सळईच्या एका टोकाला सुलटे, दुसऱ्याला उलटे आटे पाडून घ्या. मग नुसती सळई फिरवून पेडलची उंची जुळते. पेडल मोकळं असताना सळई दोन्ही पट्ट्यांशी काटकोनात हवी. फूटरेस्ट घडीचाच बसवा, किकही उजवीकडंच आहे, ती मारताना आड यायला नको.

पेडलची आणि गिअरबॉक्सची, दोन्ही पट्ट्या वर ठेवल्या तर पॅटर्न, म्हणजे गिअरचा वर-खाली क्रम, मूळचा राहतो. एक वर, एक खाली ठेवली की उलटतो, म्हणजे पल्सरसारखा होतो. मला तेच सोयीचं वाटलं आणि आठ दिवस तशीच चालवली. मग कोल्हापुरात रंकाळा तलावाजवळ रिक्षा आडवी आली. घाबरून क्लच ओढला आणि सवयीनं उजवा पाय दाबला, ब्रेक समजून. तिसऱ्याचा दुसरा पडला, क्लच सुटताच मागचं चाक घसरलं. पडलो नाही, एवढंच. मूळ पॅटर्नमध्ये त्याच चुकीनं चौथा पडला असता; गाडी थांबली नसती, पण चाकही अडकलं नसतं. त्याच संध्याकाळी उद्यमनगरात जाऊन पट्टी फिरवून घेतली. तुम्हीही मूळचाच पॅटर्न ठेवा, हे मी अगदी ठासून सांगतो.

टाचेनं दाबायची न्यूट्रलची लिव्हर बरेच जण अडगळ म्हणून कापतात. ठेवा ती. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या गिअरातून क्लच धरून दाबली की थेट न्यूट्रल. सिग्नलला तिच्यासारखा आधार नाही.

चासीला मात्र करवत लावू नका. आरसीत नोंदलेली गाडी आणि रस्त्यावरची गाडी एकच असायला हवी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे.

सराव मेन स्टँडवर सुरू करा. इंजिन बंद, मागचं चाक कुणाला तरी हातानं फिरवायला सांगा, आणि तोंडानं बोलत गिअर टाका: वर एक, खाली दोन, तीन, चार. मग मोकळं मैदान. तिथं गिअरपेक्षा ब्रेकचाच सराव जास्त करा. वीसच्या वेगावर डावा पाय आणि उजव्या हाताचा पुढचा ब्रेक, एकदम. पन्नास वेळा. हाताचा ब्रेक दोन्ही गाड्यांना एकाच जागी असतो, त्यामुळं गोंधळलात तर आधी हातच आठवा.

पहिले पंधरा दिवस दोन गाड्या आलटून पालटून चालवू नका. मी पल्सरची किल्ली आईकडं देऊन ठेवली होती.