वसाहतवादाचा मूलनिवासींवर काय परिणाम झाला, याची तुलना कशी करायची
यूपीएससीसाठी किंवा प्रोजेक्टसाठी हा टॉपिक करताय तर "गोरे आले, जमीन गेली" एवढ्यावर थांबू नका, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया समोरासमोर ठेवा, दोन्हीकडे ब्रिटिशच पण गोष्ट फार वेगळी.

आधी बघा करार झाला का. न्यूझीलंडमध्ये १८४० ला माओरी (तिथले मूलनिवासी) प्रमुखांनी ब्रिटिशांसोबत वैतांगीच्या करारावर सह्या केल्या. ऑस्ट्रेलियात १७८८ पासून ब्रिटिश वस्ती, पण अ‍ॅबोरिजिनल (तिथल्या मूलनिवासी) लोकांशी ब्रिटिशांनी असा करारच केला नाही, जमीन कुणाचीच नाही असं धरून चालले आणि हे कोर्टाने खोडून काढलं थेट १९९२ ला, माबो केसमध्ये (मूलनिवासींच्या जमीनहक्काचा खटला)! २०० वर्षं हो!

मग करार पाळला का तेही तपासा, हे बरेच जण विसरतात. १८६० च्या दशकात न्यूझीलंडच्या वायकाटो भागात युद्ध करून माओरींची प्रचंड जमीन जप्त केलीच की. तरी १८६७ ला त्यांना संसदेत ४ जागा मिळाल्या, १९७५ ला वैतांगी ट्रिब्युनल (करार मोडल्याच्या माओरींच्या तक्रारी तपासणारा आयोग) आलं आणि १९८५ पासून तिथे पार १८४० पर्यंतच्या तक्रारी नेता यायला लागल्या.

रोगराईचा कॉलम वेगळा ठेवा. १७८९ ला सिडनीच्या आसपास देवीच्या साथीत खूप अ‍ॅबोरिजिनल माणसं गेली, वस्ती होऊन जेमतेम वर्ष झालं होतं.