ट्रॅकवर स्पोर्ट्स कार चालवून बघायची, तर नेमकं काय बघायचं?

गाडी बनवणाऱ्या कंपनीने भरवलेल्या ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवून बघायच्या दिवशी, एका गाडीच्या स्टीअरिंगमागे बसायला मिळतं ते जेमतेम चार-सहा फेऱ्यांपुरतं. त्यातली पहिली टायर आणि ब्रेक तापवण्यात जाते, शेवटची गाडी थंड करण्यात. उरलेल्या दोन-चार फेऱ्यांत नुसतं ‘किती पळते’ हे बघत बसलात तर हाती काही लागत नाही. पाचशे-सहाशे हॉर्सपॉवरची गाडी सरळ रस्त्यावर पळणारच, आणि तो आकडा माहितीपत्रकात छापलेला असतोच. ब्रेक, स्टीअरिंग आणि वळणातला तोल मात्र ट्रॅकवरच कळतो. म्हणून जायच्या आधीच ठरवून ठेवा: एका फेरीला एकच प्रश्न.

निघण्याआधी

नाव नोंदवताना सही करायला येणारा कागद पूर्ण वाचा. नुकसान झालं तर तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार, टायर आणि रिम त्यात धरलेत का, आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) बंद केल्यावर अपघात झाला तर संरक्षण राहतं का, या तीन गोष्टी त्यात शोधा. सापडल्या नाहीत तर विचारा आणि उत्तर लेखी घ्या. गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत ट्रॅकवरचा वापर बहुतेक वेळा वगळलेला असतो, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नका.

बूट पातळ आणि सपाट तळव्याचे हवेत. पळायच्या बुटांचा जाड, बाहेर आलेला तळवा ब्रेक दाबताना अ‍ॅक्सिलरेटरवरही टेकतो, शिवाय पॅडलमधून पायाला जे कळायला हवं ते मध्येच शोषून घेतो. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे. हेल्मेट तिथे मिळतं, पण स्वतःचं नेणार असाल तर मोटारींसाठीचं, म्हणजे ‘स्नेल एसए’ प्रकारचं न्या. त्यात आगीपासूनचं संरक्षण तपासलेलं असतं, मोटरसायकलच्या ‘एम’ प्रकारात नसतं. घातल्यावर हेल्मेट हाताने डावी-उजवीकडे फिरवून बघा. गालाची कातडी सोबत सरकली तर माप बरोबर.

खिसे रिकामे करा. गाडीत बाटली, फोन, गॉगल काहीही सुटं ठेवू नका. जोरात ब्रेक लागला की सुटी वस्तू पुढे येते, आणि बाटली ब्रेकच्या पॅडलमागे अडकली तर पॅडल खाली जात नाही.

बसणं

यावर लोक सगळ्यात कमी वेळ घालवतात, आणि चुकांची मुळं बहुतेक इथेच असतात. आधी पाठ आणि कंबर सीटमध्ये पूर्ण मागे रेटून बसा. मग ब्रेक पूर्ण ताकदीने दाबून बघा. तेव्हाही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय सरळ होत असेल तर सीट पुढे घ्या. त्यानंतर खांदे सीटला टेकवून हात लांब करा आणि मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकतंय का बघा. तळवाच पोचत असेल तर पाठ सरळ करा किंवा स्टीअरिंग जवळ ओढा. शेवटी सीटची उंची. हेल्मेट घातल्यावर डोक्यावर चार बोटं जागा हवी. आरसे सगळ्यात शेवटी लावा, कारण सीट हलली की तेही बदलतात.

पट्ट्याचा खालचा भाग पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा. हात घड्याळातल्या ९ आणि ३ वर. डावा पाय फुटरेस्टवर घट्ट रोवा. वळणात शरीर त्या पायाने धरायचं. स्टीअरिंगला लटकून शरीर सावरणाऱ्याला स्टीअरिंगमधून काही कळत नाही.

निघण्याआधी इन्स्ट्रक्टरला गिअरच्या पॅडलबद्दल, म्हणजे स्टीअरिंगमागे बोटांनी ओढायच्या दोन पट्ट्यांबद्दल, विचारा. उजवं वर, डावं खाली हे सगळीकडे सारखंच. पण फेरारी आणि लॅम्बोर्गिनीत ते स्टीअरिंग कॉलमला पक्के असतात, तर पोर्शमध्ये स्टीअरिंगबरोबर फिरतात. सवय नसेल तर वळणाच्या ऐन मध्यावर बोट हवेत जातं. पहिल्या दोन फेऱ्या गिअरबॉक्स ऑटोमॅटिकवरच ठेवा. आजचे ड्युअल-क्लच (दोन क्लचचे, आपोआप गिअर बदलणारे) गिअरबॉक्स ट्रॅक मोडमध्ये ब्रेकच्या जोरावरून बरोबर गिअर निवडतात, आणि तुमचं लक्ष डोळे आणि पायांकडे राहतं.

मोड निवडताना एकदम टोकाला जाऊ नका. ट्रॅकचा पृष्ठभाग खडबडीत असेल तर सगळ्यात कडक डॅम्परवर (शॉक अब्सॉर्बरवर) टायर उडत राहतात आणि पकड उलट कमी होते. स्पोर्ट मोडपासून सुरुवात करा. स्टॅबिलिटी कंट्रोल चालूच ठेवा. त्याचा पिवळा दिवा कुठल्या वळणात लुकलुकतो हे इन्स्ट्रक्टर शेजारी असेल तर त्याला विचारा, नाहीतर स्वतः लक्षात ठेवा. तो दिवा लागला म्हणजे तिथे तुम्ही टायरकडे त्याच्या कुवतीपेक्षा जास्त मागितलं.

पुढच्या गाडीमागे

बहुतेक कार्यक्रमांत इन्स्ट्रक्टर पुढच्या गाडीत असतो आणि रेडिओवर बोलतो. तीन-चार गाड्या त्याच्या मागे रांगेत. इथे एक चूक जवळपास प्रत्येक जण करतो: पुढच्याचे ब्रेक लाइट लागले की आपणही ब्रेक दाबतो. तुम्ही मागे आहात, म्हणजे तो ज्या जागी ब्रेक दाबतोय तिथे तुम्ही अजून पोचलेलाच नाहीत. त्याने ट्रॅकच्या कडेला खुणेसाठी ठेवलेल्या शंकूपाशी दाबला तर तुम्हीही त्याच शंकूपाशी दाबायचा. नाहीतर प्रत्येक वळणाआधी अंतर पडतं, ते भरून काढायला सरळ रस्त्यावर पळावं लागतं आणि वळणाला हपापल्यासारखं पोचणं होतं. नजर पुढच्या गाडीच्या बंपरवर न ठेवता तिच्या काचांतून पलीकडे ठेवा.

इन्स्ट्रक्टर आरशात बघून रांगेतल्या सगळ्यात हळू चालकाच्या कलाने वेग ठरवतो. त्याची वळणाची रेषा सगळ्यात स्पष्ट दिसते ती लगेच मागच्या गाडीतून. दर फेरीला रांग बदलणार का, हे सुरुवातीच्या ब्रीफिंगमध्येच (सूचना देतात तेव्हाच) विचारून घ्या.

झेंडे थोडक्यात: पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक नाही. लाल म्हणजे सेशन थांबलं, हळू पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबायच्या जागी) या. पिवळ्यावर लाल उभे पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. काळा-पांढरा चौकटींचा म्हणजे सेशन संपलं.

ब्रेक

पहिला प्रश्न ब्रेकचाच असू द्या. ब्रेकवर विश्वास बसेपर्यंत बाकी काही तपासता येत नाही.

ताशी १०० किलोमीटरवरून, टायरने एक जी इतकी, म्हणजे गाडीच्या वजनाएवढ्या जोराची, पकड दिली तर, गाडी साधारण ४० मीटरमध्ये थांबते. २०० वरून त्याच पकडीवर जवळपास १५७ मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट. आणि २०० वर एका सेकंदात गाडी ५५ मीटर पुढे गेलेली असते. रस्त्यावरच्या वेगांत घडलेला अंदाज इथे साफ चुकतो, तो यामुळे.

रस्त्यावर आपण ब्रेक हलका सुरू करतो आणि थांबताना जोर वाढवतो. ट्रॅकवर ते बरोबर उलट करायचं. गाडी सरळ असताना सुरुवातीलाच ठाम दाबायचं आणि वेग उतरेल तसा पाय हळूहळू सैल करत आणायचा. ठाम म्हणजे लाथ मारणं नव्हे. पॅडलवर पाय टेकल्यापासून पूर्ण जोर यायला क्षणभर जाऊ द्या. तेवढ्यात वजन पुढच्या टायरांवर येतं आणि त्यांची पकड वाढते. एबीएस (ब्रेक लागताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सुरू झालं की पॅडल पायाखाली थरथरतं. तेव्हा पाय उचलू नका, दाबून ठेवा.

ब्रेकची जागा ठरवायला कडेच्या पाट्या वापरा. २००, १००, ५० मीटरच्या पाट्या बऱ्याच ट्रॅकवर असतात. पहिल्या वेगवान फेरीत मुद्दाम लवकर दाबा, मग दर फेरीला सुमारे दहा मीटर पुढे सरका. वळणात शिरायच्या आधीच वेग फार कमी झाला असं वाटलं तर उत्तमच, सरकायला जागा आहे.

आता बघायचं काय, तर दुसऱ्या आणि चौथ्या फेरीत पॅडल त्याच उंचीवर असताना ब्रेक धरतो का. इथे दोन बिघाड वेगळे ओळखता आले पाहिजेत. पॅडल मऊ होऊन खोल जायला लागलं तर ब्रेक ऑइल उकळायला लागलंय. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषलेल्याचा १५५ पर्यंत उतरतो. वाफ दाबली जाते, म्हणून पॅडल स्पंजासारखं लागतं. उलट पॅडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड जास्त तापलेत. दोन्ही वेळा लगेच रेडिओवर सांगा, वेग उतरवा आणि पिटमध्ये या. ऑइल उकळलं असेल तर पॅडल दोन-तीनदा भराभर दाबल्यावर थोडा दाब परत येतो, तोवर गिअर खाली घ्या. दिवसभर एकाच गाडीवर अनेक जण बसलेले असतात, त्यामुळे असा ब्रेक त्या मॉडेलचा दोष मानण्याआधी ती गाडी किती वेळ पळतेय हे विचारा.

वळण

डोळे नेहमी एक टप्पा पुढे. ब्रेक दाबताना वळायच्या शंकूकडे, वळायला लागलात की आतल्या शंकूकडे, म्हणजे अ‍ॅपेक्सकडे, आणि तिथे पोचायच्या आधीच बाहेर पडायच्या जागेकडे. हात त्याच बाजूला जातात जिकडे नजर असते.

स्टीअरिंग एका सलग हालचालीत फिरवा. अ‍ॅक्सिलरेटर स्टीअरिंगला दोरीने बांधलाय असं समजा: स्टीअरिंग जितकं सरळ होईल तितकाच पाय खाली. टायरची पकड एकच असते. ती वळण्यात खर्च होत असताना वेग वाढवायलाही मागितली तर टायर सरकतो.

गाडी नाक बाहेर काढत सरळ जाऊ लागली, म्हणजे अंडरस्टीअर झाला, तर स्टीअरिंग आणखी फिरवून उपयोग नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल करा, स्टीअरिंग जरासं परत आणा. पुढचे टायर पुन्हा धरतात. शेपूट बाहेर निघाली तर जिकडे जायचंय तिकडे बघा आणि स्टीअरिंग तिकडे द्या. पाय झटक्यात उचलू नका. गाडी पूर्ण फिरलीच तर ब्रेक घट्ट दाबून धरा, मॅन्युअल असेल तर क्लचही. दोन चाकं ट्रॅकबाहेर गेली तर परत खेचायचा मोह टाळा. सरळ जाऊ द्या, वेग उतरू द्या, मग सावकाश आत या. बरेच मोठे अपघात बाहेर जाण्याने होत नाहीत, घाईने परत येण्याने होतात.

इंजिन कुठे आहे यावर स्वभाव ठरतो. पोर्श ९११ मध्ये ते मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे आहे. वळणातून निघताना मागचे टायर जमीन जबरदस्त धरतात, पण वळणाच्या मध्यावर एकदम पाय उचलला तर तेच वजन शेपूट बाहेर ओढतं. मधल्या इंजिनाची गाडी पटकन वळते आणि सुटलीच तर पटकन सुटते. टर्बो असेल तर अ‍ॅपेक्सला पाय दाबल्यावर जोर लगेच येतो की अर्ध्या क्षणाने, हे मुद्दाम तपासा. उशिरा आलेला जोर नेमका चुकीच्या जागी येतो.

एका मध्यम वेगाच्या वळणात फक्त स्टीअरिंगकडे लक्ष द्या. पुढचे टायर मर्यादेजवळ आले की चांगल्या गाडीत स्टीअरिंग हाताला किंचित हलकं लागतं. हा फरक जाणवला तर गाडी तुमच्याशी बोलतेय. हजार आकडे वाचण्यापेक्षा या एका जाणिवेवर गाडी निवडणं आम्हाला योग्य वाटतं.

उतरताना आणि नंतर

शेवटच्या फेरीत ब्रेक शक्य तितका कमी वापरा, म्हणजे वाऱ्याने डिस्क थंड होतात. पिटमध्ये थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेले पॅड आणि डिस्क एकमेकांवर दाबून राहणं वाईट. गिअर ‘पी’ मध्ये ठेवा आणि पुढचं इन्स्ट्रक्टरवर सोडा.

उतरल्या उतरल्या पाच मिनिटांत लिहून काढा: ब्रेक, स्टीअरिंग, वळणातला तोल, सीट कुठे टोचली, पुढच्या काचेच्या कडेच्या खांबामुळे अ‍ॅपेक्स झाकला गेला का. दोन मॉडेल चालवायची असतील तर कमी ताकदीचं आधी चालवा आणि तुलना एकाच वळणावर करा.

मग चालवलेल्या गाडीवर काय काय बसवलंय त्याची यादी मागा. टायरच्या कडेवरचं नाव टिपा. मिशेलिन पायलट स्पोर्ट कप २ सारखा ट्रॅककडे झुकलेला टायर आणि नेहमीचा पायलट स्पोर्ट ४ एस यांत एकच गाडी वेगळी वाटते. हवेचा दाब किती ठेवला होता तेही विचारा. टायर १० अंशांनी तापला की दाब साधारण दीड पीएसआय वाढतो. कार्बन-सिरॅमिक ब्रेक आणि मागच्या चाकांचं स्टीअरिंग बऱ्याचदा जादा पैशांचे पर्याय असतात. तुम्हाला जे आवडलं ते मूळ गाडीत आहे की त्या यादीत, हे इथेच स्पष्ट होतं. शेवटी, त्याच टायर-सस्पेन्शनची गाडी साध्या रस्त्यावर अर्धा तास मागून घ्या: पार्किंगच्या उतारावर नाक घासतं का, हळू रहदारीत गिअरबॉक्स झटके देतो का, आणि खड्ड्यात कडक स्प्रिंग किती लागतात हे ट्रॅकवर दिसत नाही.