सांगलीचा हिरवा बेदाणा: घडापासून बॉक्सापर्यंत

तासगावात द्राक्ष पिकतं, पण बेदाणा वाळवायचे जाळीचे रॅक बघायचे तर नागज फाट्याकडे, कवठेमहांकाळ-जतच्या माळावर जावं लागतं. सांगली जिल्हा पश्चिमेला शिराळ्यात पावसानं भिजलेला, तर पूर्वेला कायमचा अवर्षणग्रस्त. फेब्रुवारी ते एप्रिलमधली त्या पूर्व भागातली कोरडी हवा आणि वाहता वारा हेच बेदाण्याचं खरं भांडवल. स्वतःच्या शिवारात हवा दमट असेल, तर माल तिकडे नेऊन भाड्याच्या रॅकवर टाकलेला परवडतो.

पहिली गोष्ट साखर. थॉमसन, सोनाका किंवा तास-ए-गणेश या द्राक्षजातींच्या मण्यात रिफ्रॅक्टोमीटरवर (साखर मोजायच्या उपकरणावर) 22 ते 24 ब्रिक्स (साखरेचं माप) भरल्याशिवाय घड तोडू नये. दर बरा आहे म्हणून 18-19 ला काढलेला माल हलका पडतो, सुरकुत्या खोल येतात, वजनात मार बसतो. साखर भरलेली असेल तर साधारण 4 किलो द्राक्षांत 1 किलो बेदाणा निघतो. तडकलेले, कुजके मणी बागेतच काढावेत. एक कुजका मणी शेजारच्या चार मण्यांना डाग लावतो.

मग डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणं. 100 लिटर पाण्यात आधी अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट पूर्ण विरघळवा, त्यानंतर दीड लिटर डिपिंग ऑइल (इथाइल ओलिएट) हळूहळू ओतत ढवळा. पाणी दुधाळ झालं पाहिजे. क्रेटसकट घड 2 ते 4 मिनिटं बुडवा. मण्यावरच्या मेणाच्या थरातून आतलं पाणी निघायला यानं वाट होते. न बुडवलेला माल रेंगाळतो आणि काळपट पडतो. वर तेलाचा तवंग सुटला किंवा द्रावण गढूळ झालं की ओतून द्या. तिथं काटकसर केली की अर्धा लॉट हिरवा, अर्धा तपकिरी.

निथळलेले घड जाळीवर एकेरी थरात पसरा. एकावर एक पडले की खालचे चिकटतात आणि बुरशी धरतात. तिसऱ्या दिवशी याच द्रावणाची सौम्य फवारणी देतात. हिरवा रंग सावलीत टिकतो, म्हणून बाजूंना शेडनेट हवं. थेट ऊन लागलं की माल पिवळा, मग तांबूस. अवकाळीचं आभाळ आलं तर ताडपत्री सोडा, पण पाऊस थांबताच उघडा. बरेच जण रात्रभर झाकून ठेवतात आणि पावसानं नाही तर कोंडलेल्या दमटपणानं माल घालवतात.

15 ते 20 दिवसांत बेदाणा तयार होतो. मूठ घट्ट आवळून सोडा: दाणे सुटे झाले तर ओल बरोबर (14 ते 16 टक्के), गोळा राहिला तर आणखी वाळवा. नंतर मळणी, देठ काढणं, गंधकाची धुरी, प्रतवारी. धुरी बंद खोलीत आणि बेतानं. जास्त झाली की वास राहतो आणि निर्यातीचा माल परत येतो.

15 किलोचे बॉक्स भरून 4 अंशांच्या आसपास कोल्ड स्टोरेजला लावले की रंग महिनोन्‌महिने टिकतो. रमजान, गणपती, दिवाळी या तोंडावर उठाव असतो, त्यामुळे सगळा माल एप्रिलमध्येच तासगाव-सांगलीच्या सौद्यात उतरवू नका. लॉट लावताना वरच्या थरात एक आणि खाली दुसरं असं भरू नये. व्यापारी बॉक्स तळापर्यंत उपसून बघतात, आणि एकदा नाव खराब झालं की पुढच्या लॉटलाही कमीच बोली लागते.