स्टेक करताना या चुका टाळा: मटणाचा हिशोब इथे चालत नाही

अमेरिकेत आल्यावर घरी पहिला रिबआय, म्हणजे बीफचा एक स्टेक, केला, तेव्हा मी तो तव्यावर चांगला वीस मिनिटं ठेवला. चिवट लागला म्हणून झाकण ठेवून अजून पाच मिनिटं. मटण शिजलं नसेल तर आपण कुकरची आणखी एक शिट्टी काढतो, तसंच. आपल्यापैकी बहुतेकांचा स्टेक इथेच बिघडतो, म्हणून हे आधी सांगते.

रश्श्यासाठी आपण नळीचं, मांडीचं, खांद्याचं मटण घेतो. त्यातलं चिवट कोलॅजन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारं प्रथिन, तास-दीड तास रटरटलं की विरघळतं आणि मटण मऊ होतं. रिबआय हा पाठीकडचा भाग. तिथल्या स्नायूंना फारसं काम नसतं, त्यामुळे कोलॅजन मुळातच कमी. आच वाढत गेली की धागे फक्त आवळतात आणि रस पिळून बाहेर पडतो. असा तुकडा घरी चिवट झाला, तर बहुतेक वेळा तो जास्त शिजलेला असतो.

घड्याळाच्या भरवशावर राहू नका. जाडी, तव्याची आच, मांस फ्रिजमधून किती वेळापूर्वी काढलं, यावर वेळ बदलते. साधा किचन थर्मामीटर घ्या आणि त्याची सुई कडेने, आडवी, बरोबर मध्यापर्यंत खुपसा. हाडाला टेकली तर आकडा चुकतो. मीडियम रेअर (आतून लालसर गुलाबी) ५४ ते ५७ अंश सेल्सिअस, मीडियम (आतून फिकट गुलाबी) ६० ते ६३, वेल डन (पूर्ण शिजलेला) ७१ च्या पुढे. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला ६३ अंश आणि नंतर ३ मिनिटं विश्रांती असा आहे. गरोदर बाई, लहान मुलं किंवा म्हातारी माणसं जेवणार असतील तर त्याच्या खाली जाऊ नका.

तव्यावरून उतरवल्यावरही आतली उष्णता चढत राहते. मी दीड इंची तुकडा ५२ ला पाटावर काढते आणि सुई तशीच ठेवते. बघता बघता ५३, ५४, ५५ होतात आणि मग आकडा थांबतो. ५५ ला उतरवला असता तर हातचा गेला असता.

कापल्यावर लाल पाणी दिसलं की "अगं, रक्त आहे" म्हणून पुन्हा तव्यावर टाकू नका. ते रक्त नव्हे, मायोग्लोबिन या प्रथिनाने रंगलेलं पाणी आहे. खिम्याची गोष्ट मात्र वेगळी. वरचे जंतू दळताना आत मिसळतात, म्हणून तो ७१ अंशांपर्यंत शिजलाच पाहिजे. पाकिटावर सुयांनी किंवा पात्यांनी टोचून मऊ केल्याचं लिहिलं असेल, तर त्या स्टेकलाही कमी शिजवू नका.

आलं-लसणाचं वाटण आणि दही लावायचा मोह आवरा. ओल्या पृष्ठभागावर तवा आधी पाणी आटवत बसतो, मांस फिकट उकडतं आणि लसूण करपतो. कागदाने टिपून कोरडं करा. मीठ रात्रीच लावून फ्रिजमध्ये उघडं ठेवा, नाहीतर अगदी तव्यावर टाकताना लावा. बिडाचा तवा असेल तर उत्तमच.

बाहेरून काळा आणि आत गार राहतो? तुकडा जाड आहे. आधी ओव्हनमध्ये १२० अंशांवर आतून ४६-४७ होईपर्यंत ठेवा, मग तापल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिटभर.

आणि जास्त शिजलाच, तर फेकू नका. धाग्यांना आडवे, पातळ काप करा. कांदा, हिरवी मिरची, मिरपूड परतून घ्या, गॅस बंद करा आणि मगच ते काप त्यात टाका.