बेअरिंगची गाडी डावीकडेच पळत होती

पोट्टा सातवीत, मे महिन्यात नागपूरच्या उन्हात बाहेर सोडता येत नाही म्हणून दिवसभर मोबाईल पाहून राहिला होता, तर त्याच्यासाठी छोटी गाडी करायला कबाडीकडून कारचे चार जुने ६२०१ नंबरचे बेअरिंग (भोक १२ मिमी, बाहेरून ३२) अन् एक कनेक्टिंग रॉड (इंजिनात पिस्टनला जोडलेला दांडा) उचलून आणला. सागवानाच्या पट्टीवर रॉड घट्ट बसवला, खाली १२ मिमीच्या सळईचे दोन अ‍ॅक्सल (चाकांचे आस), चाकं म्हणजे बेअरिंगच. इंजिन नाही काही नाही, पार्किंगच्या उतारावरून सोडायची.

सोडली तर अर्ध्यातच थांबली. आत जुनं ग्रीस पार घट्ट झालं होतं, म्हणून टाचणीनं रबरी सील काढली, रॉकेल मिळालं नाही तर डिझेलमध्ये रात्रभर भिजवले, ब्रशनं घासले आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-दोन थेंब. मस्त फिरायला लागले!

पण मग गाडी दरवेळी डावीकडे भिंतीवर. मी तीन दिवस वजनच इकडे तिकडे सरकवत बसलो, पोट्टा म्हणे बाबा दोरीनं मोजून पाहा ना. मोजलं तर दोन्ही अ‍ॅक्सलमधलं अंतर डावीकडे ४ मिमी कमी! पुढचा अ‍ॅक्सल ढिला करून दोन्ही बाजू सारख्या केल्या, कर्णही मोजले, तेव्हा सरळ गेली. फरशीवर लोखंड घसरते अन् आवाजही फार होते, म्हणून बेअरिंगवर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रिंगा कापून चढवल्या. आता खालच्या मजल्यावरच्या काकू तेवढ्या ओरडत नाहीत.