आधी फॉल, मग ब्लाऊज

पुण्यात पर्वतीच्या जनता वसाहतीत बायकांना शिवण शिकवतेय त्याला आता नऊ वर्षं होतील. येणाऱ्यांतल्या बऱ्याचजणी विधवा, नाहीतर नवऱ्यानं टाकलेल्या. तुम्हीही असा क्लास काढणार असाल तर कटोरी ब्लाऊजनं सुरुवात करू नका. मी केली होती. मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल, नीट बसेपर्यंत चार-सहा महिने जातात, आणि जिच्या डोक्यावर घरभाडं आहे ती त्याआधीच धुणीभांडी धरून क्लास सोडते.

फॉलपासून धरा. पहिला आठवडा मशीनमध्ये दोराच नको. वहीच्या कागदावर रेघेवरून सुई सरळ गेली पाहिजे. मग फॉल. तो आदल्या रात्री भिजवायचा, सावलीत वाळवायचा, इस्त्री करायची. तसाच लावला तर पहिल्या धुण्यात आटतो आणि साडी खाली गोळा होते. रंग जातो तो वेगळाच. एका मोतिया साडीच्या मरून काठाला लावलेला फॉल भिजवायचा माझ्याकडून राहिला, त्या साडीचे पैसे मी तीन हप्त्यांत फेडले!

खोचायच्या टोकाकडून वीतभर सोडून, आतल्या बाजूनं, काठाला कड जुळवून फॉल लावा. दोरा साडीच्या रंगाचा घ्या. वरची कड हातशिलाईनं, सुईत साडीचे एक-दोनच धागे यावेत. बाहेरून टाका दिसला की मी उसवायला लावते. रुसतात, पण उसवतात.

हात बसला की पिको, मग अल्टर: पँटची लांबी, चेन बदलणं, ब्लाऊज सैल करणं. जूनमध्ये गणवेशाचं काम येतंच. ब्लाऊज त्यानंतर. फॉल आणि दोरे रविवार पेठेतून एकगठ्ठा आणा, सगळ्याजणींत वाटून घ्या. दर पाटीवर लिहून दाराबाहेर टांगा. नाहीतर शेजारीण 'आपलीच गं' म्हणत फुकट करून नेते.

मशीन विकत घ्यायची घाई नको. जुनी पायमशीन पुरते, वीज गेली तरी चालते. पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम बसतं: अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत, पुढे 5 टक्के व्याजानं पहिलं कर्ज 1 लाखापर्यंत. मात्र एका कुटुंबातून एकालाच, आणि नवरा-बायको एकाच कुटुंबात धरतात. म्हणून नवऱ्यानं आधीच नाव घातलंय का, ते विचारून घ्या.

आणि फॉर्म भरायला बसण्याआधी आधारला कुणाचा मोबाइल नंबर जोडलाय ते बघा. आमच्याकडे कितीतरी जणींचा नवऱ्याचाच निघाला. ओटीपी त्याच्या फोनवर, आणि तो फोन उचलत नाही. आधार केंद्रात जाऊन नंबर बदलण्यात एक सकाळ मोडते. ती आधी मोडा.