कालवं, कॅडमियम आणि गंधकाची ओढ

रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीत सुकतीच्या वेळी खडकांवरची कालवं फोडणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहत आले; पण पाणी गाळून जगणारा हा प्राणी त्यातले कॅडमियम अंगात साठवतो आणि तरीही तगतो, हे एम.एस्सी.च्या प्रकल्पात शिरल्यावरच कळले. या विषयात नव्याने येणाऱ्याने ‘धातू विषारी का?’ असे विचारण्याआधी ‘धातू पेशीत कोणाला चिकटतो?’ असे विचारावे, म्हणजे पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. जस्ताच्याच गटातले कॅडमियम प्रथिनांतली जस्ताची जागा बळकावते, पारा सिस्टीन या अमिनो आम्लातल्या गंधकाला घट्ट धरतो, आणि शिसे हीम (हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग) बनवणाऱ्या एका विकरातून जस्ताला हुसकावते, म्हणून शिशाच्या विषबाधेत रक्तक्षय होतो.

गंधकाच्या याच ओढीवर पेशीने मेटॅलोथायोनिन या धातू बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचा उपाय योजला आहे. 1957 मध्ये मार्गोशेस आणि व्हॅली यांनी घोड्याच्या मूत्रपिंडातून ते वेगळे केले. सस्तन प्राण्यांत या प्रथिनाची साखळी जेमतेम साठेक अमिनो आम्लांची असते, पण त्यांतली 20 सिस्टीन असतात आणि ती जस्ताचे किंवा कॅडमियमचे 7 अणू धरून ठेवतात.

माझी फजिती इथेच झाली. मेटॅलोथायोनिन उष्णतेत टिकते, म्हणून कालवांच्या पाचकग्रंथीचा अर्क मी 80 अंशांना तापवला. इतर प्रथिने फाटलेल्या दुधासारखी गोठून खाली बसली आणि वर नितळ द्रव राहिला. त्यात प्रथिन मोजण्याचे ब्रॅडफर्डचे द्रावण घातले, तर ते निळे होण्याऐवजी जवळजवळ तपकिरीच राहिले. प्रथिन हाती लागलेच नाही असे समजून मी चार दिवसांचे नमुने मोरीत ओतले. मेटॅलोथायोनिनमध्ये टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन नसल्यामुळे प्रथिने मोजण्याच्या 280 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात ते दिसत नाही आणि ब्रॅडफर्डही त्याचे प्रमाण फार कमी दाखवते, हे मी आधी वाचायला हवे होते. आम्लाने धातू सोडवून एलमनच्या अभिकर्मकाने गंधक मोजावे, 412 नॅनोमीटरला पिवळा रंग मिळतो. मात्र अर्क टिकवण्यासाठी घातलेले मरकॅप्टोइथेनॉल हे गंधकयुक्त रसायनही तोच रंग देते, म्हणून ते आधी काढून टाकावे लागते. (त्याचा वास हातमोज्यांतूनही घरापर्यंत येतो.) शिशावर काम असेल तर फॉस्फेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण) टाळावा, कारण त्यात शिशाचा साका बसतो. चिकटलेले धातू निघावेत म्हणून काचेची भांडी रात्रभर सौम्य नायट्रिक आम्लात बुडवून ठेवण्याचा कंटाळा करू नये.

प्रकल्प संपत आला तेव्हा भाट्याच्या एका काकींनी विचारले, “मग कालवं खायची नाहीत काय गो?” प्रथिनात बांधलेले कॅडमियम कालवापुरते निरुपद्रवी असते, पण आपल्या जठरातल्या आम्लात ते सुटते आणि पुढे मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साचून राहते. माझे सगळे आकडे पाचकग्रंथीतल्या प्रथिनाचे होते. काकींच्या प्रश्नासाठी कालवाच्या अख्ख्या मांसातले कॅडमियम ओल्या वजनावर मोजायला हवे होते, आणि ते मी केलेले नव्हते.